कुटुंबासाठी रान: पायवाट, पाणी आणि शौचालय

खानदेशातल्या शहरांत राहणाऱ्या कुटुंबाला रविवारचे चार तास झाडांखाली काढायचे असतील, तर जायला जागा नाही असे म्हणता येत नाही. जळगाव-भुसावळहून तापी ओलांडली की केळीच्या बागांमागे सातपुडा उभा असतो आणि त्याच्या कुशीत १९६९ साली घोषित झालेले, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आहे. चाळीसगावकरांना पाटणादेवी जवळ आहे. तिथून वर चढत जाणारे रान गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते, आणि हे अभयारण्य १९८६ साली घोषित झाले असून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. शिरपूरकरांना अनेर धरणाचे अभयारण्य आहे, शहादेकरांना तोरणमाळचे पठार आहे, धुळेकरांना तर महामार्गालगत लळिंगचे कुरण इतके जवळ आहे की सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येते. एवढे असूनही या रानांत सहज, निवांत फिरायला आलेले घर क्वचितच भेटते. भेटतात ते यात्रेच्या दिवसांतले भाविक, पावसाळ्यात धबधब्यावर आलेली तरुणांची टोळकी, आणि दुपार कलली की झाडाच्या सावलीत बाटल्या उघडून बसलेले पुरुष. आजी, सून, दोन मुले आणि त्यांचे वडील असे सगळे मिळून पाऊलवाटेने चालले आहेत, मध्येच थांबून झाडाची साल बघत आहेत, हे दृश्य आपल्याकडे अपवादाचे आहे. त्याचा दोष लोकांच्या आवडीनिवडीला दिला जातो. लोकांना मॉल हवा, महामार्गावरचे हॉटेल हवे, रान नको, असे म्हटले जाते. मला हे मुळीच पटत नाही.

घराबाहेर पडून मोकळ्यावर जेवणे हा खानदेशाचा जुना शौक आहे. थंडी पडली की प्रत्येक गावच्या शिवारात भरिताचे बेत ठरतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करून त्यावर हिरवी, भरदार वांगी भाजली जातात, मिरच्या आणि लसूण ठेचला जातो, कांद्याची पात चिरली जाते, आणि केळीच्या पानावर भरीत-पुरी किंवा कळण्याची भाकरी घेऊन तीन पिढ्या एका पंगतीला बसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुली कडुलिंबाच्या फांदीला झोके बांधतात. मनुदेवी, उनपदेव, पाटणादेवी या ठिकाणी शिदोरी बांधून सबंध घर जाते, तोरणमाळला महाशिवरात्रीला गोरक्षनाथाच्या यात्रेसाठी दूरदूरची माणसे डोंगर चढतात. या सगळ्या जागा रानातल्याच आहेत. म्हणजे रानात जाण्याची ओढ आपल्या लोकांत आहे, आणि ती केवळ पुरुषांत नाही.

मग यात्रा उठली की ती ओढ जाते कुठे? यात्रेच्या दिवशी बाईमाणूस रानात निर्धास्त जाते, कारण सोबतीला गर्दी असते, देवळाजवळ पाणी असते, बसायला ओटा असतो, आडोसा मिळतो, आणि ओळखीचे चार चेहरे दिसतात. यात्रा सरल्यावर त्याच वाटेवर यातले काहीच उरत नाही. आपण ज्याला पर्यटनविकास म्हणतो त्याने ही उणीव भरून काढायला हवी होती. प्रत्यक्षात त्याने कमान उभारली, पेव्हर ब्लॉक बसवले, सिमेंटचा वाघ आणि फायबरची हरणे आणून ठेवली, छायाचित्र काढण्यासाठी रंगीत अक्षरांचा चौथरा बांधला. रानात जाऊन सिमेंटचा वाघ बघण्यासाठी कोणतीही आजी घराबाहेर पडत नाही. तिला आधी हे कळायला हवे असते की तिथे पिण्याचे पाणी आहे का, आणि शौचालय उघडे आहे का.

हे मी ऐकीव म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही घरचे सात जण एका अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी उभे होतो. त्या जागेचे नाव मी घेत नाही, कारण जे घडले ते तेवढ्या एकाच ठिकाणी घडते असे नाही. आमच्यात माझी फुई होती. आत्याला आम्ही फुई म्हणतो. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. तिचे बालपण साक्रीकडच्या डोंगराळ गावात गेले, त्यामुळे रानभाज्या, झाडपाला, पाखरे यांची तिला जी ओळख आहे ती आमच्यापैकी एकालाही नाही, आणि तिने मुलांना ती करून द्यावी एवढ्यासाठीच आम्ही तिला आग्रहाने नेले होते. शुल्क भरले, वहीत नावे लिहिली. फाटकाशेजारी चकचकीत फरशीचे शौचालय होते, स्त्रियांसाठीच्या खोलीवर पदर घेतलेल्या बाईचे चित्रही होते, आणि कडीला कुलूप होते. किल्ली ज्याच्याकडे असते तो मजूर तालुक्याला गेला होता. फाटकावरचा माणूस सज्जन होता, तो ओशाळला, त्याने दोन-तीन फोनही लावले, पण किल्ली काही आली नाही. फुई एवढेच म्हणाली, ‘मी नही येस, तुम्ही जा.’ आम्ही दीड तास फिरून आलो तेव्हा ती गाडीतच बसलेली होती आणि शेजारची पाण्याची बाटली तशीच भरलेली होती. नंतर मला कळले की कुठेही बाहेर जायचे असले की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. आमच्या घरातल्या इतर बायका हे ऐकून चकित झाल्या नाहीत, कारण त्याही तेच करतात. जिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो आणि ऑक्टोबरची दुपारही भाजून काढते, त्या मुलखात सहलीला जाण्याची किंमत म्हणून बायकांनी तहान मारायची, हे आपण इतकी वर्षे गृहीत धरले आहे.

त्या दिवशी वाटेत कुरडू होता, तरोटा होता, कुंपणावर कटुर्ल्याचा वेल चढलेला होता. मुलांनी विचारले आणि आम्हांला त्यातले निम्मेसुद्धा धड सांगता आले नाही. सांगणारी गाडीत बसली होती.

रानात कुटुंबाने जावे असा माझा आग्रह आहे तो या कारणाने. तरुणांचे टोळके रानात जाते तेव्हा ते आपापसांतच रमते. घर जाते तेव्हा एक पिढी दुसरीला काहीतरी देते. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की हात लाल होतो ही गोष्ट पुस्तकातून शिकण्याची नाही. ती कोणीतरी मोठ्याने करून दाखवायची असते आणि मग पोरांनी दिवसभर लाल हात मिरवायचे असतात. अंजनाची नवी पालवी तांबूस का दिसते, मोहाखालची जमीन मार्चमध्ये कोण झाडून ठेवते, सालईच्या डिंकाला वास कसला येतो, असे प्रश्न मुलांना त्या जागी उभे राहिल्याशिवाय पडत नाहीत. पाटणादेवीला गेलेल्या मुलाला तिथल्या जुन्या शिलालेखाविषयी सांगता येते, की भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने इथे मठ स्थापला होता आणि तो लेख १८६५ साली भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या गणितज्ञाच्या घराण्याची खूण आपल्या जिल्ह्यातल्या रानाच्या काठावर आहे, हे शाळेच्या बाकावर ऐकणे आणि तिथल्या झाडाखाली ऐकणे यांत फार अंतर आहे.

रानपिंगळ्याची कथा मात्र मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती खानदेशाची आहे आणि खानदेशातल्या फार थोड्या घरांत ती माहीत आहे. हे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्रीय नोंदीत आले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नाही, आणि १९१४ सालचा म्हणून जो एक नमुना दाखवला जात होता तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावून मांडलेला निघाला. हा पक्षी नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, भर सकाळी, पर्णहीन फांदीवर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षे जगाला जो सापडला नव्हता तो आपल्या जिल्ह्यांतल्या सागाच्या रानात सरडे आणि उंदीर पकडत होता. पुढे तो तोरणमाळ आणि यावलच्या रानांतही नोंदला गेला. इतर बहुतेक घुबडांसारखा तो केवळ रात्रीचा नाही. तो दिवसा वावरतो, उघड्या फांदीवर बसतो, म्हणजे सात वर्षांच्या मुलालाही सकाळच्या उन्हात तो दिसू शकतो. त्यासाठी जीप लागत नाही, मनोरा लागत नाही. लागतो तो त्या रानात वाढलेला वाटाड्या, ज्याला ठाऊक असते की कोणत्या ढोलीजवळ आपण थांबायचे आणि किती लांब थांबायचे. छायाचित्रासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही, हेही तोच सांगू शकतो, आणि फाटकावरच्या पाटीपेक्षा त्याच्या तोंडून ते मुलांच्या अधिक लक्षात राहते.

या वाटाड्यापाशी मला एका गंभीर आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. सातपुड्यातले रान पावरा, भिल्ल, तडवी यांचे घर आहे. शहरातल्या लोकांनी करमणुकीसाठी तिथे गर्दी केली की रस्ते होतील, रस्त्यांमागून हॉटेले येतील, जमिनी जातील, आणि ज्यांनी रान राखले ते तिथे चहाच्या टपरीचे धनी होऊन बसतील, असे अनेक जाणते लोक म्हणतात. हा आक्षेप खरा आहे आणि इतरत्र घडलेले बघता तो हलका मानण्याजोगा नाही. पण त्याचा निष्कर्ष कुटुंबांना रानाबाहेर ठेवा असा निघत नाही. रानात कोणाच्या अटीवर जायचे ते ठरवा असा निघतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क आणि त्या रानाचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून सुमारे ४४५ हेक्टर रान स्वतःच्या नियमांनी राखले. त्या कामाचे अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि पावसाळ्यात तिथे भरणाऱ्या वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेला बाहेरची माणसे आवर्जून जातात. त्या स्पर्धेत स्वयंपाक गावच्या बायकांचा असतो, नियम गावचे असतात, आणि पाहुणा शिकणाऱ्याच्या भूमिकेत असतो. कुटुंबाने रानात जाण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. माझ्या फुईसारख्या बाईला तिथे गेल्यावर आपण परकी जागा बघायला आलो असे वाटणारच नाही, कारण पानात वाढलेली निम्मी भाजी तिच्या ओळखीची असेल.

म्हणून माझी मागणी अशी की प्रवेशशुल्काचा ठरावीक वाटा त्या रानालगतच्या गावाच्या वनव्यवस्थापन समितीकडे किंवा ग्रामसभेकडे राहावा, लहान मुले किंवा वृद्ध सोबत असलेल्या कुटुंबांना वाटाड्या घेणे सक्तीचे असावे, त्याचा दर फाटकावर लिहिलेला असावा आणि वाटाड्या त्याच गावचा असावा. हे शुल्क शहरातल्या कुटुंबाला जड नाही. सिनेमाच्या पडद्यासमोर दोन तास बसायला आपण त्याहून कितीतरी अधिक देतो आणि कुरकुर करत नाही.

आता आपल्या बाजूच्या जबाबदारीविषयी, कारण ती टाळून सरकारकडे बोट दाखवणे योग्य नाही. भरीत ही शिवारातली गोष्ट आहे आणि ती शिवारातच राहिली पाहिजे. कापूस निघून गेलेल्या मोकळ्या वावरात काड्या पेटवणे आणि गुडघाभर सागाची पाने साचलेल्या रानात तीन दगडांची चूल मांडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्याकडचे पानगळीचे रान माघापासून ज्येष्ठापर्यंत वाळलेल्या गवताच्या गंजीसारखे असते. विझला असे वाटलेल्या निखाऱ्याने ते पेटते, फेकलेल्या बिडीने पेटते, मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात त्यानेही पेटते. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, पण कायद्याच्या धाकाने आग लागायची थांबत नाही. घरून शिजवून नेलेल्या डब्याने थांबते. वांगी घरी भाजावीत, भरीत डब्यात न्यावे, पुऱ्या फडक्यात बांधाव्यात. जुन्या बायकांची शिदोरी तशीच असे. पत्रावळी पळसाच्या असाव्यात, आणि जे प्लास्टिक आपल्या पिशवीतून आले ते आपल्या पिशवीतूनच परत यावे. माकडांना शेव-पोहे घालणे हे पुण्य नाही. त्यातून माकडे धीट होतात आणि मग पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी लहान मुलीच्या हातातला खाऊ ओरबाडला जातो.

दारूच्या बाबतीत मात्र मी कठोर आहे. ज्या रानात झाडाखाली उघड दारूच्या बैठका होतात त्या रानात कुटुंब जाणार नाही, कितीही कमानी बांधा. बाटली फुटते, काच पाचोळ्याखाली जाते, आणि ती वर्षानुवर्षे तिथेच राहते. अनवाणी चालणाऱ्या गुराख्याला लागते, जनावराच्या खुरात शिरते. हे थांबवायला फार मोठा फौजफाटा नको. संध्याकाळी पाचनंतर फाटक बंद, आत जाताना पिशव्यांची तपासणी, आणि मोठ्या आवाजाच्या स्पीकरला मज्जाव, एवढे जिथे नेमाने पाळले जाते तिथली वस्ती काही महिन्यांत बदलते. कुटुंबे येऊ लागली की दारुडे आपोआप दूर सरकतात. रखवालदाराच्या शिट्टीपेक्षा चार आयाबायांची उपस्थिती अधिक परिणाम करते, हे मी पाहिलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की एवढी माणसे आली तर वन्यजीवांचे काय. म्हणूनच कुटुंबांसाठीचे रान आणि अभयारण्याचा गाभा या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवायला हव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुक्ताईनगरकडच्या मुक्ताई-भवानी या राखीव रानाच्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे. तिथे रविवारच्या सहली नेण्याची काही गरज नाही. कुटुंबांना हवे असते ते शहराजवळचे, साधे, पायी फिरण्याजोगे रान. अमेरिकेत शिकागो ज्या कुक परगण्यात आहे तिथल्या लोकांनी १९१४ साली मतदान करून आपल्या शहराभोवतालची राने सार्वजनिक मालकीत राखायचे ठरवले, आणि आज अशी सुमारे ७०,००० एकर जमीन तिथे घरांना चालायला, बसायला, शिदोरी खायला मोकळी आहे. शहर वाढणार हे दिसत असतानाच, बिल्डरांच्या आधी त्यांनी रानासाठी जागा धरून ठेवली. आपली शहरे आज त्याच टप्प्यावर आहेत. जळगावला लांडोरखोरीचे वनउद्यान आहे आणि सकाळी तिथे चालणाऱ्यांत बायकांची संख्या किती असते ते कोणीही जाऊन बघावे. धुळे तालुक्यातल्या लामकानीच्या गावकऱ्यांनी डॉ. धनंजय नेवाडकर यांच्या पुढाकाराने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उजाड टेकड्यांवर गवत परत आणले. लळिंगला १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर ज्या लांडोर बंगल्यात उतरले होते तिथे दरवर्षी ३१ जुलैला माणसे लेकराबाळांसह येतात. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांसाठी त्या कुरणात कुटुंबाने जावे असे आपण काय केले आहे, हा प्रश्न धुळेकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा.

पर्यटनस्थळांसाठीचा मोठा निधी जिल्हा नियोजन समितीतून मंजूर होतो, आणि तिथे जे प्रस्ताव जातात ते बहुधा बांधकामाचेच असतात, कारण बांधकामाला उद्घाटन असते, कोनशिला असते. पायवाट साफ ठेवणे, हातपंप चालू ठेवणे, शौचालय रोज धुणे यांना कोनशिला लागत नाही, म्हणून त्यांना पैसेही मिळत नाहीत. या समितीत आपले निवडून दिलेले सदस्य बसतात. त्यांच्याकडे आपण नवी इमारत मागू नये. जे बांधले आहे ते उघडे ठेवण्याचा वर्षभराचा खर्च मागावा. फाटकाजवळच्या स्त्रियांच्या शौचालयाची किल्ली त्या गावातल्या महिला बचतगटाकडे द्यावी, त्यांना देखभालीचे मासिक मानधन द्यावे, आणि आषाढापासून माघापर्यंत, म्हणजे आपल्याकडे रानात जाण्याजोगे जेवढे महिने असतात तेवढे, फाटक उघडे असेल त्या प्रत्येक दिवशी ती खोली उघडी असावी. ते शौचालय आधीच बांधलेले आहे, फरशी बसलेली आहे, चित्रही रंगवलेले आहे. फुई आता एकाहत्तर वर्षांची झाली. डोंगराचा चढ तिला जमणार नाही, पण फाटकापासून पहिल्या ओढ्यापर्यंतची वाट सपाट आहे आणि तेवढी ती अजून सहज चालते.